चाकसूच्या जत्रेत गेलेलं अर्धं बोट

कुणाला पटणार नाही, तरी सांगतो: उजव्या हाताचं हे अर्धं बोट मी चाकसूच्या जत्रेत एका मिनीबाईकला खाऊ घातलंय.

बनी पार्कातल्या आमच्या गच्चीवर नात अनुया आपली मिनीबाईक खोलून बसली होती. सेंट्रिफ्युगल क्लच बसवू की टॉर्क कन्व्हर्टर, एवढंच तिनं विचारलं होतं.

"ऐक," मी म्हणालो. "दोन्हींत हातानं गिअर टाकायची भानगड नाही. इंजिन मंद असलं की गाडी जागेवर गप उभी, रेस दिली की पळते. पण क्लचचा जोर एकच. कन्व्हर्टरचा पट्टा दोन पुल्यांवर सरकतो, चढ लागला की आपोआप जोर वाढवतो. यावरूनच दशरथ आणि द्वारका या सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली."

"सच्ची?"

"अगं, पैज बापाच्या गॅरेजची! टेकाडावर आधी चढेल त्याला चावी. शीतलामातेच्या जत्रेचा दिवस, शिळंच खायचं म्हणून गावात एक चूल पेटलेली नाही, आणि अर्ध्या चढावर दशरथचा क्लच पेटला! द्वारका पट्ट्यावर सरसर वर. गाडी स्टँडवर चढवली, इंजिन मंद चालू ठेवलं, दशरथ पायी वर पोचताच हात पुढे केला. 'आण चावी.' दशरथनं पाना हाणला, थेट जबड्यावर. दोन दात वाळूत! द्वारका रक्त थुंकला, भावाचं नाक फोडलं, कानाचा लचका तोडला, आणि मान धरून त्याचं तोंड फिरत्या चेनवर दाबायला लागला. 'चावी देतोस की चेहरा?' दशरथ डुकरासारखा किंचाळतोय, पण मूठ उघडत नाही. गाल आणि चेन, मध्ये बोटभर जागा. तेवढ्यात मी बोट घातलं! कडकन अर्धं तुटलं. चेन अडकली, दशरथ वाचला, गॅरेजही त्याच्याकडेच राहिलं."

अनुया माझ्या बोटाकडे बघत राहिली.

"तेव्हा रेस कोण देत होतं?"

"कोण देणार? दोघे एकमेकांच्या नरड्याला. सांगितलं ना, मंद चालू होती."

तिनं हातातला पाना खाली ठेवला.

"आजोबा, मतलब, मंद इंजिनवर गाडी गप उभी राहते, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. मग चेन फिरवली कुणी? खोटं! साफ खोटं!"