लोखंड न सोसणारी भुईमाय

या प्रकरणात माणिकरावांना मिळायचं काय होतं, ते आधी मांडतो. रोजचे छप्पन्न रामराम. दुसरबीडपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावातला शेवटचा नळ त्यांच्या ओट्यासमोर होता. सकाळी आठला टाकीचं पाणी सुटे, नवाला बंद होई, आणि त्या तासाभरात छप्पन्न घागरी त्यांच्या दारात रांगेने बसत. घागरीमागे एक रामराम. कोणाची घागर पुढे सरकवायची, ते ओट्यावरच्या बोटाने ठरे. मी ग्रामपंचायतीचा चिटणीस असून मला दिवसाला चारच रामराम पडत, आणि त्यातले दोन दाखल्यापुरते. मला त्यांचा हेवा वाटे, हे कबूल करूनच पुढे लिहितो.

छप्पन्नातल्या शेवटच्या चोवीस घागरी बौद्धवाड्याच्या. सगळं गाव भरून झालं की त्यांचा नंबर लागे, आणि तोवर नऊ वाजत. केसरबाई बहुतेक दिवशी रिकामी घागर उचलून पाऊण कोसावरच्या नाल्याला जाई. त्रेसष्ट सालच्या ग्रामसभेत ठरलं की नळाची लाइन पुढे बौद्धवाड्यापर्यंत न्यायची. माणिकरावांनी हात वर केला खरा, पण चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसाचा होता. दुसऱ्याच्या दारात पाणी जाणार, आणि पाण्यामागून चोवीस रामराम!

अशीच दाढ उकंडरावांचीही दुखत होती. ते पाणाडे. कडुनिंबाची फांदी हातात धरून शेतात फिरायचं आणि ती वाकेल तिथे विहीर सांगायची, हा त्यांचा मान. नळ आला आणि फांदीला कोणी विचारेना. नळाकडे ते सवतीच्या पोराकडे पाहावं तसं पाहत. मग त्यांनी दाढी वाढवली, कफनी शिवली आणि महाराज झाले. दोन दुखऱ्या दाढा एकत्र आल्या.

लाइन खोदायच्या आदल्या दिवशी महाराजांनी नळाजवळ चादरींचा आडोसा करून तासन् तास भूमिपूजन केलं. दुसऱ्या दिवशी आठला सगळं गाव जमलं.

"भुईमाय झोपली हाय!" महाराज गरजले. "तिच्या आंगात लोखंड खुपससान त रगत ओकीन म्हनते!"

गड्याने भीतभीत टिकाव मारला. महाराजांनी टाच आपटली. आणि काळ्या मातीतून लालभडक धार हातभर उंच उडाली! बाया किंचाळल्या, गडी टिकाव टाकून पळाला. महाराज चादरीआड बसले, त्यांनी मायची "जखम बांधली" आणि रक्त थांबलं. ओट्यावर पायांवर घोंगडी घेऊन बसलेल्या माणिकरावांनी तिथूनच हात जोडले.

असं तीनदा झालं. नारळांचा ढीग लागला. दर वेळी आठ वाजताच. देवीला घड्याळ कळतं याचं मला कौतुक वाटलं. सरपंचांनी तालुक्याहून डिझेलचं खोदयंत्र आणवलं. त्याने गल्लीभर धूर केला, म्हातारे खोकून बेजार झाले आणि हादऱ्याने वरच्या आळीतला पाइप फुटला. यंत्र परत गेलं आणि कोप सिद्ध झाला. काम तेहेतीस दिवस बंद.

मग दयाराम सुटीवर आला. बौद्धवाड्यातलाच; बुलढाण्याला नळाच्या कामावर फिटर. गर्दीत पुढे होऊन त्याने हात जोडले.

"महाराज, मायले लोखंड सोसत नाई न?"

"नाई सोसत!"

"मशीन?"

"तेबी नाई!"

"अन् लाकूड?"

महाराज अडखळले. फांदीवर जन्म काढलेला माणूस लाकडाला नाही कसं म्हणणार? "लाकूड... चालते. ते तिच्याच पोटचं हाय."

"मंग झालं. म्या लोखंड लावतच नाई."

"काऊन बे दयाराम," ओट्यावरून माणिकराव ओरडले, "लाकडानं भुई खंदतेत काय? येडा झाला काय बे?"

"पाइपाजवळ आमी असंच खंदतो, मानिकराव. सिमेंटचा पाइप, टिकाव लागला का फुटते. मातीले पानी पाजा, थांबा, मंग उचला. धूर नाई, धक्का नाई."

त्याची हत्यारं पाहून लोक हसले. सागाच्या फळीचं फावडं, बांबूची चपटी कामटी, आणि माती उपसायला नारळाच्या करवंट्या, त्याही महाराजांच्याच ढिगातल्या. पण मातीला पाजायला पाणी कोण देणार? केसरबाईने नाल्यावरून आणलेली घागर पुढे केली. "घे दयाराम भाऊ. आज लेकरं उपाशीतापाशी काढतीन, पन रोजचं मरन तं चुकन." तिच्यामागून आणखी दहा घागरी आल्या. संध्याकाळी अकरा घागरी मातीत गेल्या.

सकाळी आठला दयारामने फावडं लावलं. माती लोण्यासारखी सुटत होती. महाराजांनी टाच आपटली. काही नाही. पुन्हा आपटली. ओट्यावर घोंगडीखाली माणिकरावांचा पाय दोनदा झटकला. देवी गप्प.

काळी माती संपून लाल मुरूम लागला, आणि कामटीच्या टोकाला दिसली एक सुतळी. टिकावाने तिचे तुकडे झाले असते, कोणाला कळलंही नसतं. लाकडाने ती अख्खी उघडी पडली. तिचं एक टोक पाइपाच्या भोकात ठोकलेल्या, चिंधी गुंडाळलेल्या खुंटीला होतं. दुसरं ओट्याकडे जात होतं.

दयारामने खुंटी दाबून धरली. केसरबाईने माती बाजूला सारत सुतळी मोकळी केली आणि जोरात ओढली.

माणिकरावांचा उजवा पाय घोंगडीतून सरळ बाहेर आला. अंगठ्याला सुतळीची गाठ!

"पाया पडू काय मानिकराव?" केसरबाई म्हणाली. "पाय तं तुमीच पुढं केला."

गाव खदखदून हसलं. दयारामने मूठभर मुरूम करवंटीतल्या पाण्यात कालवला आणि सगळ्यांपुढे फिरवला. "हे घ्या मायचं रगत. काळी माती फुगते अन् पाइप मोडते, म्हनून त्याच्याभोवती लाल मुरूम भरतेत. खुंटी निघाली का पानी मुरूम घेऊन उडते. चादरीआड खुंटी परत ठोकली का जखम बांधली!"

"मंग आज काऊन नाई उडालं?" सरपंचांनी विचारलं.

"ह्या बायांनी पानी पाजलं न. माती फुगली, सुतळी तिनं गच्च धरून ठेवली."

महाराजांनी काढता पाय घेतला.

मित्रांनो, जमिनीखाली काय आहे ते टाच आपटणाऱ्याला विचारू नका. बेताने उकरा, डोळ्यांनी बघा. आणि एखादी देवी नेमकं आपल्या शेजाऱ्याचंच पाणी अडवायला निघाली, तर आधी शेजारच्या ओट्यावरची घोंगडी उचला.

लाइन पुढे गेली. माणिकरावांच्या दारात आता बत्तीस घागरी येतात, आणि त्यातल्या बऱ्याच बाया रामराम करताना त्यांच्या अंगठ्याकडे बघतात. उकंडरावांनी दाढी काढली. ते पाणी भरायला दुसऱ्या नळावर जातात. माझे रामराम पाच झाले. पाचवा दयारामचा, आणि तो कशाच्या दाखल्यासाठी नसतो. पण तेहेतीस दिवस नाल्याची वाट तुडवली ती केसरबाईने, आणि त्या मातीत जिरल्या त्या अकरा घागरी. त्या आजवर कोणी भरून दिलेल्या नाहीत.