घाटाखालचं पाणी

लेकीकडे अवसरीला तीन-चार महिने राहून आलेल्या साळुबाई पिशवी घरात न टेकवता थेट डिंगोऱ्यातल्या आपल्या वावरात गेल्या. बांधावरच्या करंजाखाली खड्डा होता. खुणेचा दगड लांब फेकलेला. तिथं त्यांनी आपली पहिली मुलगी पुरली होती.

जुनी खापरं निघाली म्हणून पुण्याच्या संशोधकांना खणायला परवानगी दिली ती गोरखनं, त्यांच्या मुलानं. त्याला तरी काय बोलायचं? तो जन्मायच्या आधीची गोष्ट, आणि घरात त्या पोरीचं नाव काढायचं नाही, असा सासऱ्यांचा दंडक. साळुबाईंनी इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला होता.

तशाच त्या साधनाताईंच्या खोलीवर गेल्या. ती त्या संशोधकांची प्रमुख; खोदकाम तिच्याच हाताखाली झालं होतं. टेबलावर पुठ्ठ्याच्या पेट्या होत्या आणि बाई भलतीच खुशीत होती.

“बरं झालं आलात, आजी. तुमच्या बांधावर एक तान्हं बाळ सापडलंय. बाळाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात, तिनं प्यायलेलं पाणी त्यांत उतरतं. ही आई इथली नव्हतीच! घाटाखालून आलेली. दोन हजार वर्षांपूर्वी, माळशेज चढून.”

“घाटाखालचंच, वैशाखऱ्याचं पाणी हाय ते,” साळुबाई म्हणाल्या. “माज्या माह्यारचं. पयलं बाळतपण माह्यारीच करत्यात ना, ताई.”

साधनाचं हसू विरलं.

“खापरांशेजारीच होतं, म्हणून आम्ही... हाडं किती जुनी, ते काढायचं अजून राहिलंय.”

“एक्केचाळीस वर्सं झाली. आठ म्हैन्यांची व्हती. येवढ्याशा जिवाला आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. माजी मला द्या.”

कुणाला विचारायचं, कशावर सही घ्यायची, साधनाला काहीच सुचेना. तिनं एक पेटी उघडून पुढं केली.

साळुबाईंनी कापूस बाजूला केला. आत काडीएवढी हाडं होती. त्या बोटानं कापूस चाचपत राहिल्या.

“दोन दात आले व्हते. ह्यो एकच हाय.”

“तपासणीसाठी दाताची पूड करावी लागते, आजी. तो आता परत नाही मिळणार.”

साळुबाईंनी पेटी मांडीवर घेतली.

“दुसरा दात येताना लई ताप व्हता तिला,” त्या म्हणाल्या. “चार दिस खांद्यावरनं खाली उतरली न्हाई.”