पोट धरून हसाल

वाचनालयाच्या साहेबांनी उभ्या आयुष्यात सुट्ट्यांच्या यादीपलीकडे काही वाचलं नव्हतं. अशाच माणसांना वाचनाबद्दल कल्पना सुचतात. फर्मान निघालं: नवी पुस्तकं खाकी कागदात बांधा, नाव झाका, वर फक्त शिफारशीची चिठ्ठी लावा. वाचायचं कुणी? ग्रंथपाल बाईंनी. त्यांनी चाळीस पुस्तकं वाचली, चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि साहेबांच्या घाईपायी एका दुपारीत चिकटवल्या.

सोमवारी एक शिक्षिका पुस्तक परत घेऊन आली.

"बाई, बर्फातला प्रवास म्हणून नेलं. दुसऱ्याच पानावर मुडदा."

"बर्फात?"

"न्हाणीघरात."

बाई हसल्या, आणि हसू तोंडातच थिजलं. प्रवासाची चिठ्ठी रहस्यकथेवर गेली, म्हणजे पुढची सगळी रांग एका घराने सरकली. रहस्यकथेची विज्ञानकथेवर, तिची बालकथांवर. त्या यादीवर बोट फिरवत खाली आल्या. विनोदी कथांवर बोट थांबलं. त्याखालचं पुस्तक होतं बायको गेलेल्या एका माणसाची रोजनिशी. 'पोट धरून हसाल' ही चिठ्ठी त्या रोजनिशीवर लागली होती.

आणि ती शनिवारी कंपोझिटर काकांनी, छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेल्या जुन्या वाचकाने, नेली होती. काकूंना जाऊन दोन महिने झालेले. त्यानंतर काका पहिल्यांदाच आले होते. "हसवणारं काहीतरी दे, पोरी. घर खायला उठतं," म्हणाले होते.

बाईंनी खरं विनोदी पुस्तक पिशवीत कोंबलं, टेबलाला कुलूप घातलं आणि निघाल्या. साहेब विचारतील तर विचारू देत. दोन दिवस झाले होते. दोन दिवसांत एकटा माणूस त्या पुस्तकाबरोबर काय करून बसेल?

बेल वाजवली. कुणी नाही. पुन्हा वाजवली. "काका?" दारावर थाप मारली तेव्हा कुठे आतून चप्पल घासत आल्याचा आवाज झाला.

पुस्तक टेबलावर होतं. सुतळीची गाठ तशीच.

"उघडलं नाहीत?"

"हिंमत होईना. भिंती पातळ आहेत गं. शेजारी म्हणतील, बायको जाऊन दोनच महिने झाले आणि म्हातारा खिदळतोय."

बाईंना हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. गुपचूप बदलून देता आलं असतं. "काका, माझी चूक झाली. त्यात हसायला काही नाही. बायको गेलेल्या माणसाची रोजनिशी आहे. द्या इकडे, मी दुसरं आणलंय."

काकांनी पुस्तकावर हात ठेवला. "रडका आहे का तो?"

"नाही. तिच्या चपला पुसत बसतो."

काकांनी पुस्तक जवळ ओढलं. मग नखाने गाठ सोडवू लागले. गाठ सुटेना. बाई कात्री शोधायला वळल्या.

"राहू दे," काका म्हणाले. "सुटेल."