धुरपदाबाईंनी उतरवलेल्या तारा

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. बुवा गळा साफ करताहेत तोवर सुरतेची एक गोड गोष्ट सांगतो.

साल एकोणसत्तर. प्रभाकर मास्तर शाळेत विज्ञान शिकवत आणि सरकारी परवाना काढून घरच्या रेडिओयंत्रावरून दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलत. गच्चीवर त्यांनी अँटेना म्हणून पाच मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा नळ उभा केला होता. बुडाशी चार तारा, डोक्याएवढ्या उंचीवर आडव्या ताणलेल्या. घरमालकांनी बजावलं होतं, "रविवारी चारपर्यंत कलकत्त्याशी बोला, नाहीतर नळ उतरवा."

रविवार आला. गच्चीवर केबलीत जोडलेल्या मीटरचा काटा सांगे, पाठवलेली शक्ती नळाच्या बुडापासून परत फिरतेय. केबल पन्नास ओहमची, नळाचा रोध तिशीच्याही खाली; दोन्ही जुळत नव्हते. मास्तरांना वाटलं, लांबी चुकली. सकाळपासून ते बोट-बोट नळ कापत होते. काटा काही उतरेना.

तेवढ्यात मागच्या खोलीतल्या धुरपदाबाई ओलं लुगडं घेऊन वर आल्या. सुरतेजवळच्या कडोदऱ्याला मागावर काम करणारी खानदेशी बाई.

"मास्तर, तुन्या तारा मना गयामा येतस. लुगडं कथा वाळत घालू?"

"गळ्यात येतात खऱ्या, मावशी, पण आजचा दिवस लुगडं दुसरीकडे कुठे वाळत घाला."

"आजना दिवस म्हणता दोन महिना व्हयनात. मांडवना दोर कोणी असा आडवा बांधस का?"

गल्लीतल्या कीर्तनाचा मांडव दरवर्षी बाईंच्याच देखरेखीखाली उभा राही. त्यांनी खाली राहणाऱ्या लोटू नावाच्या पोराला हाक मारली, नळ उंच बांबूवर चढवून घेतला आणि तारांची टोकं कठड्याकडे उतरती ओढली. मास्तरांनी सहज मीटर पाहिला. काटा खाली आला होता.

"थांबा मावशी. अजून थोडं खाली."

तारा उतरत्या केल्या की बुडाचा रोध वाढतो आणि केबलशी जुळतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. कापायच्या नादात सुचलं नव्हतं. कापलेले तुकडे त्यांनी गुपचूप परत जोडले. तंबोरा लावावा तशी मावशींनी एकेक दोरी लावली. काटा तळाला टेकला.

पावणेचारला मास्तर खाली खोलीत येऊन रेडिओवर निवांत बोलले, "कलकत्ता, ऐकताय?" उत्तर आलं, आवाज स्वच्छ, अगदी शेजारी बसल्यासारखा. तिकडून विचारलं, "अँटेना कुणी बांधली?"

"आमच्या मावशींनी."

मुदत पाहायला दारात आलेले घरमालक गुजरातीत म्हणाले, "भले, रहेवा दो." म्हणजे, राहू दे नळ.

धुरपदाबाईंनी यातलं काही ऐकलं नाही. त्या वर लुगडं झटकत होत्या. म्हणून म्हणतो मंडळी, आज आरतीला हात जोडाल तेव्हा त्यांचं नाव मनात घ्या.