चुंबकाची पट्टी

पदक लावणं सोपं वाटतं, म्हणूनच लोक ते वाईट लावतात. विन्ह शहरात, बाजारामागं माझं दुकान आहे. खांद्यावरच्या फिती, बिल्ले, टोपीवरचे तारे, आणि या सगळ्यांच्या पाठीमागं जे जे लागतं ते. लोक पदकाचं तोंड बघतात, मी एकोणतीस वर्षं त्याची पाठ बघत आलोय. पिनेला गंज चढलाय का, आकडा सैल झालाय का, बिल्ल्याच्या खिळ्यावरची पितळी टोपी घट्ट बसते का, यावरून गिऱ्हाइकाशी भांडायला मला आवडतं. बायको गेल्यापासून भांडायला गिऱ्हाइकंच उरलीत. मुलगी जपानला असते. रविवारी फोन करते, "बाबा, जेवलात का?" विचारते. मी हो म्हणतो, की संपला फोन.

थोआताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. लढाईच्या काळात त्या अकरा स्वयंसेवक पोरींच्या तुकडीत होत्या. विमानं बॉम्ब टाकून जायची आणि या अकराजणी रस्त्यावरचे खड्डे भरायच्या. पुढं लग्न राहूनच गेलं. त्यांच्या तुकडीचा एक हट्टी नियम होता, आपलं पदक आपण लावायचं नाही. दर पंधरा जुलैला स्वयंसेवकांचा मेळावा असतो. त्या सकाळी या बायका समोरासमोर उभ्या राहून एकमेकींची पदकं लावायच्या. आपली आरती आपणच कशाला ओवाळायची, असं त्यांचं म्हणणं. एकेक करत सगळ्या गेल्या. शेवटची लिएउ गेली, तेव्हा थोआताईंच्या समोर उभं राहायला कुणी उरलं नाही. मग त्या माझ्याकडं यायला लागल्या.

यायच्या सकाळी सहाला. अंगात खाकी सदरा, चार पदकं रुमालात बांधलेली. दुकानाच्या मधोमध ताठ उभ्या राहायच्या आणि हनुवटी वर करायच्या.

"घरी सदरा पसरून लावत जा ना, ताई," मी दरवर्षी कुरकुरायचो. "एवढं चालत कशाला येता?"

"पसरलेल्या सदऱ्यावर सरळ लावलेलं अंगात घातलं की वाकडं दिसतं. एवढी वर्षं दुकान चालवून हेसुद्धा कळत नाही होय रे? आणि पिन बोचव बघू एकदा, तुझा जीव घेते."

म्हणणं खरं होतं. मी श्वास रोखून पिना लावायचो. मग हिरव्या पानांचा उकळलेला चहा आणि गूळशेंगदाण्याची पापडी. लाओसकडून येणाऱ्या गरम वाऱ्याला त्या शिव्या द्यायच्या, मी सरकारला द्यायचो. कधी मध्येच लिएउची गोष्ट निघायची. तिला खड्डा भरताना गाणं म्हटल्याशिवाय फावडं उचलवायचं नाही आणि आवाज तर बेडकाचा. मेळावा आठला आणि बाई सहाला हजर. सहा वर्षांत हे गणित मी एकदाही मांडून बघितलं नाही.

गेल्या जुलैत, मेळाव्याच्या तीन दिवस आधी, त्या पदकं घेऊन आल्या. एक पिन गंजून सदऱ्याला डाग पाडत होती. "बदलून ठेव, पंधराला सकाळी येतेच," म्हणाल्या. त्याच आठवड्यात हनोईहून माझ्याकडं नवा माल आला होता, चुंबकाच्या पट्ट्या. पदकाच्या पाठीला एक पट्टी चिकटवायची, दुसरी सदऱ्याच्या आत धरायची. भोक नको, टोचणं नको. आणि मला शहाणपणा सुचला. एक पिन बदलायची सोडून मी चारही काढल्या आणि चुंबकं बसवली. म्हातारीला पुन्हा कधी उन्हातान्हात चालत यायला लागू नये, हा माझा उदात्त विचार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सकाळी त्या आल्या, उभ्या राहिल्या, हनुवटी वर केली.

"हनुवटी खाली करा, ताई. आज माझं काम नाही," मी पदकं आणि पट्ट्या पुढं केल्या. "बघा. आपलं आपण. आता कुणाची मिनतवारी नको."

त्यांनी एक पदक घेतलं, सदऱ्याच्या आत हात घालून पट्टी धरली. टक. दुसरं. टक. चारही जागच्या जागी, सरळ रेषेत. मी लावतो त्याहून सरळ.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "कुणाचीच नको."

"चहा घ्या ना."

"नको. तुझी गिऱ्हाइकं यायची वेळ झाली."

सकाळी सहाला माझ्याकडं कुत्रंसुद्धा येत नाही. तरी मी बावळटासारखा खूश होतो. कारागिरीची तारीफ झाली असंच मला वाटलं.

त्यानंतर वर्षभर त्या फिरकल्या नाहीत. कशाला येतील? चुंबकाला गंज थोडाच चढतो. दुकानावरून जातानाही कधी दिसल्या नाहीत. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन मी परत आलो, कारण आत जाऊन सांगायचं काय तेच सुचेना. मी कोण त्यांचा? पिनावाला.

या पंधरा जुलैला साडेपाचलाच दुकान उघडलं आणि चहा ठेवला. सहा वाजले, सात वाजले. चहा काळा पडला. मग माझ्या डोक्यात नको ते यायला लागलं. शटर ओढलं आणि मेळाव्याच्या सभागृहाकडं निघालो, जवळजवळ पळतच.

त्या होत्या. शेवटच्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीवर. पदकं अगदी सरळ. शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या. मला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काय रे खिएम, दुकान बुडालं का?"

"ताई, ती चुंबकं काढून द्या. पुन्हा पिना बसवतो."

"का? बिघडलीत?"

"नाही."

"मग राहू दे की. माझं मला जमतं आता. आरशासमोर उभी राहते, अर्ध्या मिनिटात तयार." त्या समोर व्यासपीठाकडं बघत राहिल्या. "कुणाला त्रास नाही."

"मला जमत नाही," मी म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा निघाला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून बघितलं. "चहा दोघांचा ठेवला होता. सकाळपासून बसलोय मी. मला नाही जमत, ताई."

त्यांनी व्यासपीठावरची नजर काढून माझ्याकडं वळवली.

"हे सांगायला वर्ष लावलंस?" म्हणाल्या. "गाढवा, मला वाटलं तुला कंटाळा आला माझा. या वयात एक वर्ष म्हणजे काय कमी असतं का रे?"

मला उत्तर द्यायचं होतं. पण तेवढ्यात व्यासपीठावरून सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, गेलेल्यांसाठी मिनिटभर शांत राहायचं होतं. थोआताई उठल्या, माझी बाही धरून त्यांनी मला शेजारी ओढलं. आम्ही दोघंही वर्षभर गप्पच तर होतो, पण ते एक मिनिट काही केल्या संपेना.