पायी काहून जाऊन राहिल्या?

जरा खाली पाहा, तुमच्या चपलेखाली. पांढुर्ण्याच्या स्टेशनापासून तिगावच्या स्टेशनापर्यंत जाते ती पायवाट मीच. पॅसेंजर हुकलेल्या माणसांनी मला चालून चालून घडवलं. ना चढ, ना उतार. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला कपाशी अन् संत्र्याचे बगीचे.

स्वभाव माझा संशयी. काय करू, चेहरा फसवते, पाय फसवत नाही, अन् मी आधी पायच पाहते. घरोघरी मोटारसायकली आल्या अन् माझी गाडीवाट झाली, तेव्हापासून कोणी पायी येताना दिसलं की आधी मनात येते, याचं घरी बिनसलं वाटते. हाच रोग गावालाही आहे. आमच्याकडे चालणाऱ्याला चालू देणं म्हणजे माणुसकी सोडणं. गाडी थांबवून त्याला बसवायचंच.

त्यापायी अनुराधाबाईंचा घात होऊन राहिला होता. तहसीलीतून रिटायर झालेल्या विनायकराव साहेबांची ही बायको. शुगर वाढली, तशी डॉक्टरांनी तंबी दिली, तीन महिने रोज चाला, नाहीतर जन्मभर सुई टोचून घ्या. बाईंच्या आईची नजर याच शुगरनं गेलेली. बाई हादरल्या. रोज सकाळी माझ्यावरून तिगावला निघायचं अन् पॅसेंजरनं परत यायचं ठरलं.

दोन महिने झाले, शुगर जिथल्या तिथं. विनायकरावांनी बायकोचे बूट उलटे करून पाहिले, तर तळ दुकानातून आणल्यासारखे. तिगावात बाईंची बहीण विजयमाला राहते, तिच्या हातची संत्रा बर्फी नावाजलेली. साहेबांनी दोन अन् दोन पाच केले, बाई चालत नाही, गाडीनं जाऊन बर्फी खातात. विचारलं तर बाई म्हणाल्या, पायीच तर निघते मी.

तेही खोटं नव्हतं. निघायच्या पायीच. पण सुरुवातीला एकदा त्यांनी गावातल्या मोतीरामच्या मोटारसायकलवर बसायला नकार दिला, तर तो मनाला लावून बसला. दुपारपर्यंत गावभर झालं, अनुराधाबाई नवऱ्याशी भांडून निघाल्या. त्या दिवसापासून बाईंची नाही म्हणायची हिंमतच गेली.

एका सकाळी त्यांच्या मागं तोंडाला मफलर गुंडाळून कोणी चाललं होतं. मी पाय ओळखले. इतका सावकाश सरकारी माणूसच चालते.

पुढं गावातल्याच सुखदेवनं मोटारसायकल थांबवली.

"काकू, पायी काहून जाऊन राहिल्या? बसा."

"डॉक्टरनं चालाले सांगतलं बाबू."

"मंग तिगावले पोचून चाला ना."

बाई बसल्या. विनायकराव पाहतच राहिले. तेवढ्यात त्यांच्या मागं मोतीराम येऊन थांबला अन् घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारू लागला. लोक काय म्हणतील या धाकात जन्म काढलेले साहेब, त्याच्या गाडीवर मागं बसले.

तिगावच्या स्टेशनावर नवरा गाडीवरून उतरताना दिसला, तशा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले नाही म्हणताच येत नाही हो. आईचे डोळे आठवतात, तरी बसतेच मी."

साहेबांची मान खाली गेली, मोतीरामला नाही म्हणणं त्यांनाही जमलं नव्हतं. मला वाटलं, आता हे बाईंचं चालणंच बंद करतील.

दुसऱ्या दिवशी दोघं सोबत आले. बगीच्याजवळ सुखदेव भेटलाच, अन् त्या दिवशी त्याच्याकडे मालाचा ऑटो होता. दोघांना पुरेल एवढी जागा. बाईंचा पाय अडखळला. विनायकराव पुढं झाले.

"भांडण झालं आमचं सुखदेव. घर सोडून चाललो दोघंही. तू जाय समोर."

सुखदेव असा पळाला की धूळ बसायला वेळ लागला. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण थांबल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा दोघांची पावलं माझ्यावर तिगावपर्यंत उमटली.

आता तुम्हाला हात जोडून एकच सांगणं. कोणी पायी जाताना दिसलं तर जाऊ द्या त्याला. अन् हे भांडण खोटं आहे, असं गावात बोलू नका, नाहीतर पुन्हा गाड्या थांबतील. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी समजूत घालायला साहेबांच्या घरी येते. साहेब त्याला चहा पाजतात अन् सांगतात, नाही जी, अजून मिटलं नाही.