उरलेल्या फाइली

धाकटीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात चहा घेत होते. खरं सांगायचं तर तिचं नाव बघूनच माझ्या कपाळाला आठी पडली. बाळंत झाल्यापासून तिने माझं डोकं खाल्लं होतं. छकुली दूध पिता पिताच झोपते, छकुली उठवल्याशिवाय उठत नाही, छकुलीचा पिवळेपणा अजून गेला नाही. आई तिच्याकडे राहायला गेली होती. आईचं म्हणणं, असं शांत बाळ नशिबानं मिळतं, तुम्ही दोघींनी तर मला नुसतं नाचवलं होतं.

"ताई, तिच्या टाचेतून रक्त घेतलं होतं, त्याचं पुढे काय झालं गं?" धाकटीने विचारलं.

"किती वेळा सांगू? काही वावगं असेल तरच फोन येतो. आला नाही म्हणजे सगळं ठीक."

हे मी अगदी अधिकाराने सांगत होते, कारण ते कामच आमचं. नवजात बाळांच्या रक्ताची तपासणी झाली की प्रयोगशाळा प्रत्येक बाळाची एक छोटी फाइल क्लाउडवरच्या फोल्डरात ठेवते. आमची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्राम, रोज तो फोल्डर उघडते, नव्या फाइली उचलते आणि त्यांतले आकडे दवाखान्यांच्या यंत्रणेत भरते. एखादा आकडा हद्दीबाहेर असला की तिथल्या नर्सला निरोप जातो आणि ती आईबापांना फोन करते. चांगला निकाल कळवत कुणी बसत नाही. सकाळी स्क्रिप्टपुढे हिरवी खूण उमटली आहे ना, एवढं बघणं माझ्याकडे होतं. ती उमटलेली असायचीच. मग मी चहाला मोकळी.

"तरी एकदा बघ ना," धाकटी म्हणाली. "माझ्यासाठी."

"बघते बाई, बघते."

घरच्यांच्या नोंदी बघायच्या नाहीत असा आमच्याकडे नियम आहे. पण तिचं तोंड बंद करायचा दुसरा उपाय मला दिसेना. छकुलीच्या आईचं नाव टाकलं, तारीख टाकली. नोंदच नाही. चांगली नाही, वाईट नाही, काहीच नाही. प्रयोगशाळेने नमुना हरवला असणार असं धरून मी त्यांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि क्लाउडवरचा फोल्डर उघडला.

फाइल तिथे होती. छकुली आठवड्याची असतानाच येऊन पडली होती आणि आता छकुलीला महिना उलटून गेला होता. आमच्या स्क्रिप्टने तिला हातही लावला नव्हता.

मी ती उघडली. थायरॉइडचा आकडा वाचला, पुन्हा वाचला. मी डॉक्टर नाही, पण त्या आकड्याची हद्द मला पाठ आहे. हा हद्दीच्या आसपासही नव्हता. बाळ शांत नव्हतं, बाळ आजारी होतं, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर त्या आजारात मेंदूची वाढ खुंटते. एवढं आमच्याकडे शिपायालाही माहीत आहे.

"छकुलीला घेऊन आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा," मी धाकटीला सांगितलं. "मुलांच्या डॉक्टरांना म्हणावं थायरॉइड. आकडा मी पाठवते."

"म्हणजे? त्यांचा फोन आला?"

"हाच तो फोन समज," मी म्हणाले.

आईला रिक्षा बघायला पिटाळताना धाकटीचा चिरकलेला आवाज मला ऐकू आला. मग फोन बंद झाला.

कारण शोधायला फार खटपट करावी लागली नाही, याचीच जास्त चीड आली. क्लाउडकडे फाइलींची नावं मागितली की तो सगळी एकदम देत नाही. अक्षरांच्या क्रमाने पहिली हजार देतो आणि सोबत सांगतो, अजून आहेत, पुन्हा मागा. आमची स्क्रिप्ट पुन्हा मागतच नव्हती. मिळाली तेवढी नावं तपासायची आणि काम फत्ते म्हणून हिरवी खूण लावायची. पूर्वी हे खपून गेलं, कारण उचललेल्या फाइली लगेच दुसऱ्या फोल्डरात हलवल्या जायच्या. मूळ फोल्डरात कधी गर्दीच होत नसे. गेल्या तिमाहीत तपासनीस आले आणि म्हणाले, मूळ फाइल जागची हलता कामा नये. साहेबांनी हलवणं बंद करायला सांगितलं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, त्यात माझी मान सगळ्यांत पुढे. फोल्डर भरत गेला. फाइलीच्या नावात आधी दवाखान्याचं नाव येतं, म्हणून ज्यांचं नाव अक्षरांत शेवटी, ते दवाखाने हळूहळू यादीबाहेर ढकलले गेले. धाकटी अशाच एका दवाखान्यात बाळंत झाली होती.

मी साहेबांपुढे लॅपटॉप ठेवला. त्यांनी वाचलं, पेलाभर पाणी प्यायले आणि चष्मा पुसत बसले.

"दुरुस्त करून ठेवा. पण चालवू नका," ते म्हणाले. "एकदम इतके जुने निरोप गेले तर गहजब होईल. आधी कायदा विभागाशी बोलू. सोमवारी बसू."

"साहेब, उरलेल्या फाइलींत हद्दीबाहेरची आणखी बाळं आहेत. मी बघितलंय."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

साहेब वाईट माणूस नाही. घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला सोमवार फार आवडतो. मी लॅपटॉप उचलला, रिक्षात बसल्या बसल्या स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि सरळ दवाखाना गाठला.

छकुलीचं रक्त पुन्हा घेतलं होतं आणि निकालाची वाट न बघता गोळी कुस्करून, दुधात कालवून पाजलीही होती. डॉक्टरीणबाई मोजकं बोलत होत्या. औषध रोज द्यायचं, चुकवायचं नाही. "पहिल्या दोन आठवड्यांत आणली असतीत तर मी छातीठोक सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "आता ती वाढेल तसं बघत जाऊ." आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर तोंडाशी धरून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

बाहेरच्या बाकावर मी धाकटीला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. ती रडेल, मला फाडून खाईल असं वाटलं होतं. तिने छकुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "ज्यांच्या घरात कुणाची ताई तुझ्या ऑफिसात नाही, त्यांचं काय?"

मी लॅपटॉप उघडला आणि साहेबांना न विचारता दुरुस्त केलेली स्क्रिप्ट चालवली. उरलेल्या फाइली भराभरा आत गेल्या. "गेले निरोप," मी म्हणाले.

"आज वाचेल कुणी?"

शुक्रवारची संध्याकाळ होती. निरोप बघणाऱ्या नर्सचं टेबल दोन दिवस बंद असतं. "सोमवारी," मी म्हणाले.

"नंबर असतात का त्यात?"

"असतात. पण मला फोन करायची परवानगी नाही. नोकरी जाईल, धाकटे."

"मग जाऊ दे," ती म्हणाली. "माझ्यासमोर कर."

मी हद्दीबाहेरच्या फाइलींतली सगळ्यांत जुनी उघडली. ते बाळ छकुलीहून बरंच मोठं होतं. नंबर लावताना दोनदा चुकला. एका पुरुषाने उचलला. मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी हसत होतं. मी प्रयोगशाळेच्या कामाचं सांगितलं, बाळाच्या आईचं नाव सांगितलं.

"हो, बोला ना, मी वडील बोलतोय," तो मोकळेपणाने म्हणाला. "ती टाचेची तपासणी ना? सगळं ठीक आहे ना?"

धाकटी माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.